चाल कोणाची?

गेल्या दिवाळीची गोष्ट. माझा भाचा पुण्याहून फैजपूरला आला होता. वय वीस, केस खांद्यापर्यंत आणि कानात सदैव काहीतरी खुपसलेले. स्वयंपाकघरात माझी आई चकल्यांची भाजणी मळत बसली होती, आणि हा ओट्याजवळ उभा राहून आपल्या फोनवर मोठ्याने गाणे वाजवीत होता. एक अमेरिकन बाई गात होती, मध्येच एक पुरुष झरझर काही म्हणत होता, खाली ढोलासारखा ठोका पडत होता. असे मिनिटभर चालले असेल. एकाएकी आईचा हात थांबला.

"अरे, हे तं लताबाईचं गानं! मधी हे कोन बडबडून राह्यलं?"

भाचा हसला. "आजी, हे अमेरिकेतलं गाणं आहे, हिपहॉप." मी विचारले, "कोणाचे आहे?" त्याने त्याला ठाऊक असलेली नावे घडाघडा सांगितली. गाणारी ट्रुथ हर्ट्स, मधला पुरुष राकीम, गाणे बांधणारा डीजे क्विक, कंपनी डॉक्टर ड्रे यांची. चार नावे झाली. ज्या आवाजाने माझ्या म्हाताऱ्या आईचा हात पिठात थबकला, त्या आवाजाचे नाव काही त्यांत नव्हते.

वाचकहो, मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. इंग्रजी माझे बेताचे, आणि हिपहॉप म्हणजे वरातीतल्या गोंगाटाचा परदेशी भाऊ अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पण त्या दिवसापासून या विषयाने माझ्या मनात घर केले. भाच्याला शेजारी बसवून वर्षभर मी ही गाणी ऐकली, त्यांचा इतिहास वाचला आणि माझी समजूत पुष्कळशी बदलली.

प्रथम 'प्रोड्यूसर' या शब्दाविषयी. आपल्याकडे प्रोड्यूसर म्हणजे चित्रपटाला पैसा पुरवणारा शेठ. हिपहॉपमधला प्रोड्यूसर निराळा. गाण्याचा जो ध्वनी आपल्या कानी पडतो, तो सगळा तो बांधतो. ठोका त्याचा, स्वरांची बैठक त्याची, कोणता आवाज कोठे यावा आणि कोठे थांबावा हा निर्णयही त्याचाच. पुढे उभा राहून शब्द म्हणणारा रॅपर लोकांना दिसतो. हा मागे असतो, आपल्या नाटकमंडळीतल्या ऑर्गनवाल्यासारखा. आणि गंमत अशी की यांच्यातल्या अनेक थोरांना कोणतेही वाद्य रूढ अर्थाने वाजवता येत नव्हते. त्यांचे वाद्य म्हणजे जुन्या तबकड्या.

याची सुरुवात सांगतात ती मोठी घरगुती आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक जलसा ठेवला. शाळा सुरू व्हायची होती, नव्या कपड्यांना पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेशमूल्य. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह. हे कुटुंब जमैकाहून आलेले. पुढे हा क्लाइव्ह डीजे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला. त्याने पाहिले होते की गाणे संपूर्ण वाजते तेव्हा मुले उगीच उभी राहतात. पण मध्ये गायक थांबून नुसता ढोल-ताशाचा तुकडा येतो, तेव्हा सगळी अंगणात उतरतात. तो तुकडा असायचा जेमतेम काही सेकंदांचा. हर्कने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार.

हे वाचले आणि मला आपला वन्स मोअर आठवला. बालगंधर्वांनी लहानपणी आमच्या जळगावात गाण्याचे धडे घेतले, म्हणून त्यांच्यावर आम्हां खानदेशी लोकांचा थोडा हक्क! त्यांच्या नाटकात एकेका पदाला वन्स मोअर पडत आणि नाटक रात्र सरेपर्यंत चाले. प्रेक्षकाला जे आवडले ते त्याला पुन्हा हवे असते, ही मागणी जुनीच. हर्कने प्रेक्षकांना ओरडण्याची तसदी दिली नाही, एवढेच.

त्याच्या पाठोपाठ त्याच ब्राँक्समधला ग्रँडमास्टर फ्लॅश आला. हा विजेच्या यंत्रांत डोके घालणारा मुलगा. तबकडी अंदाजाने मागे फिरवली की ठोका चुकतो, म्हणून त्याने तबकडीवर खडूने खुणा करून किती फेरे मागे जायचे याचा हिशेब बसवला. मी शाळेत घड्याळाचे काटे शिकवतो, तेव्हा आता मला हा फ्लॅश आठवतो.

पुढे १९८० नंतरच्या दशकात यंत्र आले. कोणताही आवाज टिपून घ्यायचा, कापायचा आणि बोटाखालच्या चौकोनी कळेवर बसवायचा, अशी त्याची रीत. आवाजाच्या अशा कापून घेतलेल्या तुकड्याला ते लोक सॅम्पल म्हणतात. आपण कापडाच्या दुकानातून नमुना आणतो तसा हा नमुना. फरक एवढाच की हे लोक नमुन्यांचीच गोधडी शिवतात. १९८८ साली जपानच्या अकाई कंपनीने रॉजर लिन या अमेरिकनाच्या आराखड्यावरून एमपीसी नावाचे यंत्र काढले. सोळा कळांची ती पेटी या कलेची हार्मोनियमच ठरली.

या पेटीवरचा जो कलावंत मला सर्वांत भावला, त्याच्यापाशी थोडे थांबतो. त्याचे नाव जेम्स यॅन्सी, लोक त्याला जे डिला म्हणत. जन्म १९७४ चा, मोटारींचे शहर असलेल्या डेट्रॉइटमधला. एमपीसीमध्ये एक सोय असते. तुम्ही बोटाने ठोका दिलात आणि तो किंचित पुढेमागे पडला, तर यंत्र त्याला ओढून नेमक्या घरात बसवते. शिकाऊ माणसाला ही सोय वरदान वाटावी. डिलाने ती हवी तेथे वापरली, हवी तेथे बंद ठेवली, आणि काही ठोके मुद्दाम हलवले. एक ठोका घराच्या मध्यावर, दुसरा उंबरठ्यावर, तिसरा दाराबाहेर रेंगाळलेला. ऐकताना प्रथम वाटते की वाजवणारा पेंगला असावा. दोन मिनिटांनी मान आपोआप डोलू लागते. तबल्याचे जाणकार ज्याला लयीशी खेळणे म्हणतात, तेच हे. गंधर्व मंडळीत अहमदजान थिरकवाँसाहेब तबल्यावर असत. बालगंधर्व सूर लांबवीत समेच्या अलीकडे घुटमळत आणि थिरकवाँ त्यांना सांभाळून घेत, अशा आठवणी जुनी माणसे सांगत आली आहेत. यंत्राला घुटमळायला शिकवणे ही मात्र डिलाची करणी.

रक्ताच्या एका दुर्मिळ विकाराने तो खंगत गेला. ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, 'डोनट्स' ही त्याची एकतीस तुकड्यांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि तीन दिवसांनी तो गेला. त्याच्या आईने त्याची एमपीसी पेटी पुढे वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली.

दुसऱ्याच्या तुकड्यांतून आपली वस्तू उभी करणे हे हलके काम, असे कोणास वाटेल तर मी त्यास आमच्या फैजपूरचीच साक्ष देईन. डिसेंबर १९३६ मध्ये येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. जवाहरलालजी अध्यक्ष होते. गांधीजींचा आग्रह असा की मंडप आणि सजावट खेड्यात मिळणाऱ्या जिनसांतूनच झाली पाहिजे. त्यासाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि बांबू, तट्ट्या आणि गावच्या कारागिरांचे हात यांतून त्यांनी ते नगर सजवले. बांबू नंदलालबाबूंनी निर्माण केला नव्हता. मांडणी त्यांची होती. ब्राँक्समधल्या पोरांजवळ वाद्ये नव्हती, संगीतशाळेची फी नव्हती. बापाच्या कपाटातल्या जुन्या तबकड्या होत्या. त्यांनी त्यांतून मंडप उभारला.

तेव्हा कला खरी. प्रश्न उरतो तो बांबू कोणाच्या बनातला, हे सांगण्याचा.

या बाबतीत आपल्या मराठी रंगभूमीची एक रीत मला फार सभ्य वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल आणि १८८२ साली सौभद्र रंगभूमीवर आणले. त्यांतल्या पदांच्या कितीतरी चाली आधीच्याच होत्या. काही कीर्तनातल्या, काही लावणीच्या, काही कानडी मुलखातल्या. पुढे १९११ च्या मानापमानासाठी गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमरी-दादऱ्यांचा मोकळा आधार घेतला, १९१६ च्या स्वयंवरासाठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी नाटकात आणल्या. आणि जुन्या संगीत नाटकाचे कोणतेही छापील पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'चाल' असे लिहून मूळ गाण्याचा आरंभ दिलेला असतो. हेतू व्यवहाराचा असेल, गाणाऱ्याला चाल कळावी हा. पण त्यातून कबुली आपोआप होते. उसने आणले, नाव सांगितले आणि मग त्यावर आपला संसार थाटला.

हिपहॉपवाल्यांत पहिली वीस वर्षे ही रीत नव्हती. कोणी विचारतही नव्हते. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला, गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा विनापरवाना घेतल्याबद्दल. न्यायाधीश इतके संतापले होते की त्यांनी निकालाचा आरंभच बायबलातल्या चोरीविषयीच्या आज्ञेने केला. तेव्हापासून अमेरिकेतले तुकडे परवानगी घेऊन, पैसे मोजून वापरले जाऊ लागले. ज्याच्यापाशी पैसा त्याला तुकडे परवडत. गरीब पोरांची पंचाईत झाली. ज्यांच्यासाठी ही कला जन्माला आली त्यांनाच ती महाग झाली, हेही नोंदवले पाहिजे.

मग काहींची नजर दूर गेली, जेथील मालक दाराशी येऊन उभा राहणार नाही अशा मुलखांकडे. त्यात आपला हिंदी चित्रपट. यात सगळेच चोर होते असे नव्हे. टिंबालँड या प्रोड्यूसरने २००१ साली मिसी एलियटच्या गाण्यात तुंबी आणि तबला असा काही आणला की सारे जग नाचले. मॅडलिबने २००७ साली हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांवरून एक संबंध ध्वनिमुद्रिका रचली आणि नावातच भारत घातला. काही ठिकाणी मात्र हसावे की रडावे कळत नाही. २००२ साली जस्ट ब्लेझ याने एरिक सरमनच्या गाण्यासाठी १९६३ च्या ताजमहाल चित्रपटातल्या कव्वालीचा तुकडा उचलला. त्या तुकड्यात बाई विचारते की एखाद्याला आत्महत्येचाच शौक असेल तर त्याला कोणी काय करावे. आणि रॅपर ऐटीत उत्तर देतो की ती बाई जे काही म्हणाली असेल, तोच मी! अर्थ न समजता चाल उचलली की असे होते. भाचा मला हे समजावून सांगताना हसून लोळत होता.

आता आईने ओळखलेल्या गाण्याकडे येतो. १९८१ च्या ज्योती चित्रपटात बाप्पी लाहिरींच्या संगीतात लताबाईंनी 'थोडा रेशम लगता है' हे गाणे म्हटले. चित्रपट फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. वीस वर्षांनी कॅलिफोर्नियातील डीजे क्विक सकाळी उठून दात घासत असता दूरचित्रवाणीवर ते लागले. हे त्यानेच सांगितले आहे. त्याने ते टिपून घेतले, खाली आपला ठोका घातला, आणि २००२ साली 'अॅडिक्टिव्ह' हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेले. त्याच्या कानाची तारीफ केली पाहिजे. भारतात विस्मृतीत गेलेला तो आवाज त्याला दात घासताना ऐकू आला आणि त्याने ब्रश खाली ठेवला. पण तबकडीवर ना बाप्पी लाहिरींचे नाव, ना लताबाईंचे.

सारेगामा कंपनीने पन्नास कोटी डॉलरांचा दावा लावला. २००३ च्या प्रारंभी लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने हुकूम दिला की बाप्पी लाहिरींचे नाव घातल्याशिवाय ती ध्वनिमुद्रिका विकता येणार नाही. बाप्पीदांवर स्वतःच परदेशी चाली उचलल्याचे आरोप पूर्वीपासून होत होते, त्यामुळे काही मंडळी गालात हसली असतील. हसू द्यावे. आपल्याला ठेच लागली की माणसाला रस्त्यातल्या दगडांचा विचार सुचतो. खटला मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला आणि शेवटी न्यायालयाला असे दिसले की त्या गाण्याची मालकी बाप्पी लाहिरींची नव्हतीच. मोबदला घेऊन चित्रपटसंस्थेसाठी केलेले ते काम. दुसऱ्या एका दाव्यात, १९६९ च्या आराधनातील लता-रफींच्या गाण्याचा तुकडा टिंबालँडने वापरला म्हणून सारेगामा अमेरिकेच्या न्यायालयात गेली. २०११ साली निकाल लागला. जुन्या करारान्वये कंपनीचा तो हक्क दोन वर्षांपुरताच होता असे ठरून कंपनी हरली. या सर्व कागदांच्या ढिगात चाल बांधणारा, गाणारी आणि वाजवणारे कोठेच दिसत नाहीत. भांडण गोदामांच्या मालकांचे.

आणि येथे मला परदेशी लोकांना नुसती नावे ठेवून मोकळे होता येत नाही. कारण हाच आवाज आपण स्वतः एकदा बिननावाचा ठेवला होता. १९४९ साली महल चित्रपट आला. 'आयेगा आनेवाला' हे गाणे घरोघर गेले. तबकडीवर गाणारीचे नाव छापले होते 'कामिनी', चित्रपटातल्या पात्राचे! ही कामिनी कोण, म्हणून श्रोत्यांनी नभोवाणीकडे चौकशी केली, तेव्हा कोठे लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. पुढे पार्श्वगायकांना नाव आणि हक्काचा वाटा मिळावा म्हणून त्या भांडल्या, कटुताही पत्करली. एक मुलगी बिननावाची गाते, नावासाठी झगडते, नाव आभाळाला नेते, आणि त्रेपन्न वर्षांनी दुसऱ्या खंडात तिचा आवाज पुन्हा बिननावाचा वाजतो.

हा आवाज आमच्या तापीकाठचाही आहे, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. लताबाईंच्या मातोश्री माई या धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरच्या, लाडांच्या घराण्यातल्या. थाळनेर म्हणजे फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. आज तेथे जुनी थडगी आणि तापीचा घाट आहे. त्या गावच्या आजीकडून लहानग्या लताने पावागडचे गरबे उचलले. आता सांगा, डीजे क्विकने जो आवाज टिपला त्यात मास्टर दीनानाथांची नाट्यगीते किती आणि थाळनेरच्या आजीचे गरबे किती? त्या आजीचे नाव कोणत्या तबकडीवर आले?

तसेच त्या वाद्यमेळाचे. हिंदी चित्रपटसंगीतातील व्हायोलिनांचे ताफे आणि तुताऱ्या लिहून काढणारे बहुतेक गोव्याचे. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांना रूप दिले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले, आणि शिष्याने १९७७ च्या अमर अकबर अँथनीमध्ये एका गाण्यात त्यांचे नाव घातले. लाखो लोकांनी ते विनोदी नाव म्हणून म्हटले. मीही म्हटले. तो खरा माणूस होता हे मला या वर्षी कळले.

लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या आणि नऊ दिवसांनी बाप्पी लाहिरी. त्या गाण्याचे दोघेही धनी एका पंधरवड्यात संपले.

इकडे कला थांबलेली नाही. पुण्याचा एम. सी. स्टॅन आपले ठोके आपणच बांधतो, मुंबईच्या गल्ल्यांतून निघालेले रॅप २०१९ च्या गली बॉय चित्रपटाने घरोघर नेले. आणि आमच्या खानदेशात तर लग्नाच्या वरातीत बँडवाला कीबोर्डवर पावरीची धून वाजवतो. भोपळा आणि बांबू यांचे ते आदिवासींचे वाद्य. त्याचा आवाज आता विजेच्या पेटीतून निघतो आणि नवरदेवाचे मित्र धूळ उडवीत नाचतात. ही धून कोणत्या पाड्यावरची, असे मी एका बँडवाल्याला विचारले. "गुरुजी, सगळेच वाजवतात," तो म्हणाला.

यंदा भाचा पुन्हा आला आहे. या खेपेस सोबत एक चपटी पेटी आहे, सोळा कळांची. काल त्याने आईला जात्यावरची ओवी म्हणायला लावली. आढेवेढे घेऊन तिने दोन म्हटल्या. आवाज आता थरथरतो, पण लय शाबूत. डिलाला आवडली असती. भाच्याने ती टिपून घेतली, कळेवर बसवली, आणि तिच्या श्वासासकट ती चार वेळा वाजवून दाखवली. आई चमकून इकडेतिकडे पाहू लागली.

"आजी, याला नाव काय देऊ? तुझं घालतो."

"माहं कायले? माह्या सासूची ओवी हाये ते. तिचं टाक."

तो नाव विचारू लागला. आईने पदर सावरला. सासूचे नाव तिने जन्मात कधी उच्चारले नव्हते, ते आता नातवाच्या कानात सांगावे लागले. त्याने ते फोनवर लिहिले, एकदा चुकले म्हणून मी दुरुस्त करून दिले. तोवर चुलीवरचे तेल तापले होते, म्हणून ती उठून गेली.